उमरगव्हाणचं सार्वमत

लातूर, ३ ऑगस्ट २०२५

मुकुल,

तुझी ईमेल मिळाली. उत्तर कागदावर देते आहे, कारण ईमेल तू पुढे पाठवतोस. झुरिकला पत्र पोहोचायला दोन-तीन आठवडे लागतात असं पोस्टातल्या बाईंनी सांगितलं. चालेल. घाई तुला आहे.

तू दोन गोष्टी मागितल्या आहेस. गावातल्या सगळ्या मतदानांचे आकडे, आणि तुमच्या संस्थेच्या 'भारतात राष्ट्रीय सार्वमत' या अहवालावर मतपेटी बनवणारी म्हणून माझी सही. डिसेंबरात हा अहवाल दिल्लीत काही खासदारांपुढे ठेवणार, त्याआधी सही हवी, हे समजलं.

मसुदा वाचला. भाषा चांगली आहे. कंधार तालुक्यातलं एक गाव, दोन तरुण अभियंते, दोन बटणांच्या दोन पेट्या, आणि आठशे मतदार आपले प्रश्न आमदार-खासदारांवर न सोपवता स्वतः सोडवतात. जे उमरगव्हाणला जमलं ते देशाला का जमू नये, असं शेवटी विचारलं आहेस. वाचताना मलाही क्षणभर खरं वाटलं.

काही दुरुस्त्या.

पान अकरा. उमरगव्हाण मुदखेड रस्त्यावर नाही. तू तिथे आठ महिने राहिलास.

पान चौदा. बाजाराचा वार बदलण्याच्या मतदानात 'महिलांचा सहभाग पुरुषांहून अधिक' हे बरोबर आहे, पण कारण चुकीचं आहे. त्या दिवशी पुरुष कंधारला लग्नाला गेले होते.

पान सोळा. इथे तू दारूबंदीच्या मतदानाची हकिगत दिली आहेस. सरकारी कायद्याने झालेलं ते मतदान आपल्या पेट्यांच्या आधीचं, पण त्यातूनच आपल्याला ही कल्पना सुचली, हे लिहिलंस ते योग्य केलंस. त्यात घरोघर फिरून बायकांना मतदानाला आणणाऱ्या बाईंना तू 'एक स्थानिक महिला कार्यकर्ती' म्हटलं आहेस. त्यांचं नाव सरजाबाई आहे आणि त्या माझी आई आहेत. तुला ज्वारीची भाकर मोडत नव्हती म्हणून त्या तुझ्यासाठी पोळ्या करायच्या. नाव गाळण्याचं कारण गोपनीयता असेल, असं मी धरून चालते.

त्याच पानावर पुढे आहे: 'या विजयानंतर गावाने कृतज्ञतेने त्यांना शाळेतील पोषण आहार शिजवण्याचे काम दिले, बौद्ध वस्तीतील स्त्रीच्या हातचे अन्न सर्व समाजांची मुले एकत्र बसून खातात.'

हे वाक्य काढून टाक. ते काम आता तिच्याकडे नाही. जुलैत तू नसताना सातवं मतदान झालं, त्यात गेलं.

पहिल्या सहा मतदानांचे आकडे सोबत आहेत. सातव्याचे नाहीत.

धम्मप्रिया


लातूर, ३१ ऑगस्ट २०२५

मुकुल,

तू ईमेलमध्ये चार प्रश्न विचारलेस. चारही एकच आहेत: फेरफार कोणी केला?

कोणीही नाही. दोन्ही पेट्या मी स्वतः लातूरहून नेल्या. मतदानाच्या आधी तपासल्या, नंतर तपासल्या. मी पोटासाठी विजेचे मीटर तपासते. रोज कोणी ना कोणी येऊन सांगतं की आमचा मीटर जास्त पळतो. बहुतेक मीटर बरोबर निघतात. माणसाला आपला वापर मान्य नसतो, म्हणून तो मीटरवर संशय घेतो. तुझं तेच चाललं आहे.

काय झालं ते लिहिते, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

यंदा सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत कोणीतरी शाळेतल्या खिचडीचा विषय काढला. मी तिथे होते. सरपंच शेषेराव उठून म्हणाले, “कोणाचं काही म्हणणं असंल तर आत्ता बोला. मागून कुजबुज नको. सरजाबाई हितंच बसल्या हायत.”

मग व्यंकटी, तो पिठाच्या गिरणीवाला, म्हणाला, “खिचडी झ्याक असती. फकस्त तिखट जरा कमी टाका म्हणावं. पोरगं घरी येऊन निस्तं पाणी पेतंय.”

माय बसल्या जागेवरून म्हणाली, “तुजं पोरगं तीनदा घेतंय व्यंकटी. तिखट लागतंय तर तीनदा कशाला घेतंय?”

सगळे हसले. काम मायकडेच राहावं यासाठी हात वर करायला सांगितले, तेव्हा व्यंकटीसकट सगळे हात वर गेले.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा शेषेरावांच्या नातवंडांनी घरून डबे आणले. पहिल्या आठवड्यात ती दोघंच. मग गिरणीवाल्याचा मुलगा. महिन्याच्या अखेरीला वस्ती सोडून वरच्या गावातली निम्मी मुलं डबे घेऊन शाळेच्या ओट्याच्या पलीकडच्या टोकाला बसायला लागली. कारण विचारलं की पोट दुखतं. मुख्याध्यापक वीरभद्र सरांनी पालकांना बोलावून समजावलं. पालक त्यांच्याशी अदबीनं बोलले आणि दुसऱ्या दिवशी काही मुलं कंधारच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसली.

मग पंचायतीकडून मतदानासाठी प्रश्न आला: 'शालेय पोषण आहार शिजवणारी व्यक्ती दरवर्षी आळीपाळीने बदलावी का?'

प्रश्न तपासण्याचं काम माझ्याकडे होतं. आपले नियम तुला पाठ असतील. कोणा एका व्यक्तीचं नाव घेऊन प्रश्न विचारायचा नाही, जातधर्माचा उल्लेख नको, उत्तर हो किंवा नाही. या प्रश्नात नाव नव्हतं, जात नव्हती. गावात खिचडी शिजवणारी एकच बाई आहे, हे नियमात कुठे बसवायचं ते आपण लिहिलेलं नव्हतं. प्रश्न नियमात बसत होता.

तरी मी मायला फोन करून सांगितलं की तू नको म्हण, मी प्रश्न परत पाठवते. ती माझ्यावरच चिडली.

“का म्हून परत? गाव काय म्या आज बगून राह्यले का? जानेवारीत हात वर केल्ते सगळ्यायनी.”

“ते हात होते, माय. ही पेटी आहे.”

“मंग तर लईच चांगलं. पेटीत माणूस खरं बोलतंय. मुकुल सरच म्हनायचे ना?”

तू म्हणायचास. मीही म्हणायचे. गुप्त मतदान कशासाठी, हे आपण दोघांनी तिच्या ओसरीवर बसून तिला समजावलं होतं. दुबळ्यावर दबाव येऊ नये म्हणून. मालकासमोर मजुराला हात वर करावा लागू नये म्हणून. हे बरोबरच होतं. दारूच्या मतदानात त्याचा उपयोग तिने डोळ्यांनी पाहिला होता. नवऱ्यांना न कळता बायकांनी दुकान बंद केलं.

पण हात वर करताना समोर माय बसलेली असते. पेटीच्या आडोशाला ती नसते. ग्रामसभेत माणसाला लाज वाटायची. त्या लाजेवर काही गोष्टी टिकून होत्या. आपण तो आडोसा उभा केला, लाज बाहेर ठेवली आणि अहवालात त्याला 'मुक्त मतप्रदर्शन' म्हटलं.

बदलावी: ५९५. बदलू नये: ९३.

निकाल पंचायतीच्या ओट्यावर शेषेरावांनी वाचला. मायने तो उभ्याने ऐकला आणि सगळ्यात आधी टाळी वाजवली. दारूच्या वेळी निकालानंतर टाळ्या वाजल्या होत्या. तिला वाटलं ती पद्धत आहे.

धम्मप्रिया


उमरगव्हाण, १४ सप्टेंबर २०२५

मुकुल,

शनिवार-रविवारची सुट्टी म्हणून गावी आले आहे. हे पत्र लातूरला गेल्यावर टाकेन.

तू लिहितोस की हा एका स्त्रीवर झालेला अन्याय आहे, पण एका निकालावरून पद्धत नाकारता येत नाही, आणि लोक चुकतात तसे शिकतातही. शिवाय मायला काय वाटतं हे मी लिहिलेलं नाही, अशी तक्रार केली आहेस.

मायला काहीही वाटत नाही. म्हणजे तसं ती म्हणते. “गावानं सांगितलं ना? बास.” मी तक्रार करू म्हटलं तर मला म्हणाली, “दारूचं दुकान बंद झालं तवा दुकानवाला असाच तक्रारीचा कागूद घेऊन फिरत होता. तवा आपुनच म्हनलो, गावाचं मत हाय, मान. आता आपुन कागूद घेऊन फिरावं व्हय?”

तिला बहुमत पटलेलं आहे, मुकुल. तुझ्या अहवालातल्या कोणत्याही माणसापेक्षा जास्त.

शाळेत आता शेषेरावांच्या भावजय शिजवतात. डबे बंद झाले. गाडीतून जाणारी मुलं परत आली. पोट कोणाचं दुखत नाही. पुढच्या वर्षी कोण शिजवणार याची चर्चा पारावर होते, त्यात वस्तीतलं एकही घर नसतं. काल शेषेराव मायला म्हणाले, “फिरत फिरत पाळी तुमच्याकडं येईलच की सरजाबाई.” माय म्हणाली, “येईल की. तोवर दात राह्यले म्हंजे झालं, चव घ्यायला.” दोघंही हसली. माझ्या आईशी या गावात कोणी वाईट बोलत नाही.

पण तिने एक उद्योग सुरू केला आहे आणि मी तुला लिहिते आहे ते त्यासाठी.

ती आपली माणसं शोधते आहे. निकालातला एक आकडा तिने धरून ठेवला आहे: त्र्याण्णव. तिचा हिशोब असा की वस्तीतली सत्तर-ऐंशी मतं तर तिचीच. उरलेली दहा-वीस वरच्या गावातली. त्या दहा-वीस जणांनी भरल्या गावात, कोणी बघत नसताना, तिच्यासाठी बटण दाबलं. ते कोण, हे तिला पाहिजे. भांडायला नाही. तिला त्यांच्या घरी जाऊन बसायचं आहे.

दळण आणायला गेली की गिरणीवर रेंगाळते. विहिरीवर बायकांशी बोलते. थेट विचारत नाही, पण बोलणं तिकडे नेते. आणि बायका सांगतात. काल संध्याकाळी पोरीसारखी पळत आली. “शेषेरावची सून! देवाच्यान म्हनली. मावशे, म्या तुलाच दिलं. सासरा घरात, पर पेटीत म्या एकली.” मग माझ्या हातातलं ताट काढून घेऊन म्हणाली, “तू लई वंगाळ बोलून राह्यलीस गावाबद्दल. बग आता.”

आता माझा हिशोब. तो मी कोणाला सांगितलेला नाही.

पेट्या दोन होत्या, एक शाळेत, एक वस्तीतल्या विहारात. वस्तीने काय मत दिलं हे गावाला कळू नये, नाहीतर वस्तीवर राग निघेल, म्हणून दोन्ही पेट्यांची फक्त बेरीज दिसेल अशी सोय मी केली होती. वेगळे आकडे मलाही दिसत नाहीत. पण विहारात किती माणसं येऊन गेली ते मला माहीत आहे, कारण मी तिथे दिवसभर बसले होते. एकशे सव्वीस. सगळी आमची.

एकशे सव्वीसातून त्र्याण्णव वजा कर.

वरच्या गावातल्या एकानेही मायला मत दिलं नाही असं धरलं, तरी आमच्याच वस्तीतल्या तेहेतीस जणांनी तिला काढा म्हटलं आहे. आणि वरच्या गावातलं एक मत तिला मिळालं असेल, तर आमच्यातले चौतीस. वर एक भलं माणूस निघालं की खाली एक परकं निघतं. काल शेषेरावांची सून मिळाली म्हणून तिने मला गूळ दिला. मी तो खाल्ला.

तेहेतिसातला एक मला ठाऊक आहे. नागसेन, माझा मामेभाऊ. कंधारला जीप चालवतो, तू त्याच्याच जीपमधून पेट्या आणायचास. त्याने आज आपणहून सांगितलं.

“ताई, म्या ‘बदलावी’ दाबलं.”

मी फक्त “का?” म्हटलं.

“आत्याचा राग न्हाई गं. तिच्या हातचं खाऊनच वाढलो. पर वरची लेकरं गेली असती तर शाळंत राह्यली किती असती? आपलीच सतरा. सतरा लेकरासाठी सरकार शाळा ठेवतंय का? बंद केली असती. वरची गाडीत बसून गेली असती. माज्या पोरीला गाडी कोन देतंय?”

“मग हे मायला का नाही सांगितलंस?”

“तोंडावर कसं सांगू?”

मी मनात त्याची मांडणी तपासली. चूक सापडली नाही. त्याने मतदार म्हणून जे करायचं तेच केलं: विचार केला, हित पाहिलं, दबावाशिवाय मत दिलं. तुझ्या अहवालाच्या पान चारवर आदर्श नागरिकाची व्याख्या आहे. तो नागसेन आहे.

धम्मप्रिया


नांदेड, १२ ऑक्टोबर २०२५

मुकुल,

नांदेडला एका सरकारी कार्यालयात तक्रार घेऊन आले होते. मायला न सांगता. साहेबांनी बसायला खुर्ची दिली, चहा मागवला. ठराव वाचून म्हणाले, “मॅडम, यात जातीचा उल्लेख कुठंय? फिरती पद्धत आहे, समान संधी. शिवाय गुप्त मतदान घेतलंय गावानं. इतकं व्यवस्थित तर आम्हीपण घेत नाही.” मग त्यांनी पेट्या कुठे मिळतात ते विचारलं.

तू विचारतोस, माझं उत्तर नेमकं काय, देशात सार्वमत असावं की नसावं? आणि नसावं असेल, तर मी आमदार-खासदारांच्या बाजूची आहे का?

मी त्यांच्या बाजूची नाही. मायच्या कामासाठी मी आमच्या भागातल्या दोन निवडून आलेल्या माणसांकडेही गेले. एकाने फोन उचलला नाही. दुसऱ्याने गावाच्या मताचा आदर केला. फरक एवढाच की त्याच्या दारात जाऊन मला ओरडता आलं. पाचशे पंच्याण्णव माणसांच्या दारात कसं ओरडू? आणि ती मला चहा विचारतात.

तू म्हणतोस, लोकांच्या इच्छेला भिणं म्हणजे लोकशाहीला भिणं. तू नांदेडात वाढलास, म्हणून एक आठवण करून देते. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला. वस्त्या जळाल्या. माझ्या आजीचं घर त्यातच गेलं. नाव लागायला सोळा वर्षं गेली, तेही मधला तोडगा काढून. त्या साली अख्ख्या राज्यातल्या नव्हे, नुसत्या मराठवाड्यातल्या लोकांपुढे पेटी ठेवली असती तर निकाल काय लागला असता, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. माझी शिष्यवृत्ती, विष्णुपुरीच्या कॉलेजातली माझी जागा, विहिरीवरचा आमचा हक्क, यातली एक गोष्टसुद्धा मतदानाने मिळालेली नाही. ज्याने ती लिहून ठेवली त्याने गावाला विचारलं नाही, म्हणून ती मिळाली. तुम्हाला ती वही पुन्हा उघडून पानोपान विचारायचं आहे: हे ठेवावं का, हो की नाही?

यावर तुझं उत्तर मला माहीत आहे. मूलभूत हक्क सार्वमताबाहेर ठेवू. पान बावीस. आपणही व्यक्तींची नावं बाहेर ठेवली होती.

संध्याकाळी तुझी बहीण भार्गवी भेटली, वजिराबादच्या रस्त्यावर. तिनेच हाक मारली. घरी चल म्हणाली. मी नको म्हटलं. मग बराच वेळ उभी राहून तिने मला एक गोष्ट सांगितली, जी मी विचारली नव्हती. तुमच्या घरात सगळं मताने ठरतं हे तू कॉलेजात कौतुकाने सांगायचास. फ्रीज कोणता घ्यायचा, सुट्टीत कुठे जायचं. चार माणसं, चार चिठ्ठ्या, तुझे बाबा श्रीपादकाका उघडून वाचणार. भार्गवी म्हणाली, तू झुरिकला जायच्या आधी एकदा माझ्यावर, मला सून म्हणून आणावं का यावर, चिठ्ठ्या टाकल्या होत्या.

निकाल ती सांगणार होती. मी तिला थांबवलं. तुझी चिठ्ठी कोणती होती हे मला जाणून घ्यायचं नाही. गुप्त मतदानाचा मान राखला पाहिजे.

धम्मप्रिया


लातूर, २३ नोव्हेंबर २०२५

मुकुल,

सही सोबत जोडली आहे. तुला हवी होती तशीच, काळ्या शाईत. सातव्या मतदानाबद्दल परिशिष्टात हे वाक्य घाल, शब्द न बदलता: 'यंत्रात दोष आढळल्यामुळे सातव्या मतदानाचा निकाल ग्राह्य धरू नये.' खाली माझं नाव आणि पदवी. पहिली सहा मतदानं चांगली आहेत. अहवालाला बाधा येत नाही.

चिठ्ठीबद्दल तू चार पानं लिहिलीस. ती मी वाचलेली नाहीत.

फेरमतदानाची तुझी कल्पना मी दोनदा नाकारली होती. तरी तू शेषेरावांना परस्पर लिहिलंस: तीन आठवडे गटागटाने चर्चा, मग त्याच प्रश्नावर पुन्हा मतदान, खर्च तुमच्या संस्थेचा. तू हे चांगल्या मनाने केलंस, यात मला शंका नाही. शेषेरावांनी तुझा निरोप मायला मोठ्याने वाचून दाखवला.

रात्रभर झोपली नसावी. सकाळी फोन आला.

“पेटी घेऊन ये. ह्या बारीला गाव माज्या बाजूनं हाय.”

“कशावरून?”

“बेचाळीस झाले! वरचे. नुसत्या बायाच न्हाईत, व्यंकटीनंबी लेकराच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं. आन् आपली वस्ती हायच. बेरीज तूच कर. त्र्याण्णव कसे होतील? कुटंतरी चुकलंय. म्हून म्हनते, परत घ्या.”

बेरीज मी केली. ते बेचाळीस खरं बोलत असतील, तर तिच्या वस्तीतले पंच्याहत्तर जण तिच्या विरुद्ध होते. खोटं बोलत असतील, तर तेहेतीस. दुसरा आकडा निवडला तर व्यंकटीसकट सगळे खोटे पडतात. कोणताही आकडा धरला तरी खोटी ठरतात ती तिचीच माणसं, ज्यांच्या घरी ती आता रोज जाऊन बसते.

चर्चेने काय होईल असं तुला वाटतं? नागसेनला त्याचं कारण सगळ्यांसमोर सांगावं लागेल. वरची माणसं सगळ्यांसमोर गोड बोलतील, आणि आडोशामागे गेल्यावर पुन्हा तेच बटण दाबतील. पहिल्या मतदानाने तिचं काम गेलं. दुसऱ्याने ही बेचाळीस माणसं जातील. तिच्याजवळ आता तेवढीच आहेत.

मी पुढच्या शनिवारी गेले. पंचायतीच्या ओट्यावर शेषेराव, वीरभद्र सर, व्यंकटी, आणखी दहा-पंधरा माणसं. माय पुढेच बसली होती, डोक्यावरून पदर घेऊन. पेटी मी सोबत नेली होती. ती सगळ्यांसमोर उघडली, आतल्या तारा दाखवल्या आणि सांगितलं की ही पेटी नादुरुस्त आहे. एका बटणाचं मत कधीकधी दुसऱ्यात जातं. जुलैतही गेलं असणार. किती ते सांगता येत नाही. यातला बिघडलेला भाग आता बाजारात मिळत नाही, म्हणून पुन्हा मतदान घेता येणार नाही.

मग मला एक आवाज आला, तो अजून कानात आहे. पंधरा-वीस माणसांनी एकदम श्वास सोडल्याचा.

“तरी म्या म्हनतो!” व्यंकटी उठून उभाच राहिला. “म्या तर सरजामावशीलाच दिलंय. गेलं कुटं मंग?”

“आमच्या घरात तीन मतं हायत, तिन्ही सरजाबाईला,” आणखी कोणी म्हणालं. मग सगळेच. प्रत्येकाने दिलं होतं. वीरभद्र सर चष्मा पुसत खाली बघत होते. नागसेन मागे जीपला टेकून उभा होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं, आणि त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं.

मी वाट पाहिली. कोणी तरी म्हणेल, निकालच खोटा, तर मग काम परत द्या. मी शेषेरावांना तसं विचारलंही. ते म्हणाले, “आता वरीस चालू झालंय पोरी. भावजयीचं नाव लागलंय. पुढं बघू. फिरती पद्धत हायच की.”

अहवालासाठी हे लागणार नाही, पण तू प्रश्न विचारला होतास म्हणून लिहिते. एका गावाची पेटी मला नादुरुस्त ठरवता आली, कारण ती माझ्या हातची होती. देशाने सार्वमत घेतलं आणि देशाने आपल्या मनातलं खरं सांगितलं, तर ते खोटं ठरवायला तुम्ही कोणाला आणणार? आणि ते ऐकून उद्या सकाळी कोणाच्या शेजारी राहायचं?

निघताना शेषेरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. “इंजिनेर बाई, तुमच्या पेटीनं आमच्या गावाचं नाव घालवलं बघा. चार म्हैने ही माउली काय समजून राह्यली आसंल आमच्याबद्दल?”

सगळे हसले. माय सगळ्यात जास्त हसली. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा एवढा मोकळा मी पाहिला नव्हता. ती ओट्यावरून उतरली, सगळ्यांदेखत माझ्या हातातली पेटी घेऊन तिने कडेवर धरली आणि गावाकडे बघत, गावाला ऐकू जाईल अशा आवाजात मला म्हणाली,

“येवढं शिकलीस, येवढा पैसा घातला तुज्यावर. नीट बनवायची ना गं.”

“चुकलं, माय,” मी म्हटलं.

धम्मप्रिया